मुक्कामाची गाडी

परवा जुलैचा घरपट्टीचा कागद आला. इथे हा कागद वर्षातून दोनदा येतो, एकदा जुलैत आणि एकदा डिसेंबरात. दोन्ही वेळा आमच्या घरात तेवढ्यापुरती शांतता पसरते. नवरा चष्मा लावून एकेक ओळ वाचतो. शहर इतके, काउंटी इतकी, शाळा इतकी, कम्युनिटी कॉलेज इतकं, लायब्ररी, बागा... आणि मग बस. बसच्या ओळीशी तो जरा थांबतो आणि माझ्याकडे बघतो. बोलत काही नाही. बारा वर्षांपूर्वी मी त्याच्याशी या ओळीवरून जे भांडण केलं होतं ते आम्हा दोघांनाही पाठ आहे.

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहूनच टाकते. पुण्याहून मामेभावाने मागेच विचारलं होतं, "तुमच्याकडे म्हणे बससाठी कर लावायचा की नाही यावर मतदान होतं?" हो, होतं. त्याला वाटलं मी थापा मारतेय. पुण्यात पीएमपीची तूट भरायला पुणे महापालिका साठ टक्के आणि पिंपरी-चिंचवड चाळीस टक्के देते. घरपट्टी भरणाऱ्याला कुणी विचारायला येत नाही, तोही विचारत नाही. बस आली नाही की शिव्या तेवढ्या घालतो. इथे मात्र दर काही वर्षांनी विचारतात. आणि विचारलं की उत्तर द्यावं लागतं, ही पंचाईत.

पण गोष्ट त्याच्या आधीपासून सांगायला हवी.

२००३ साली मी एच-फोर व्हिसावर मिशिगनमध्ये आले. इप्सिलांटीला अपार्टमेंट. नोकरी करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, आणि नवरा सकाळी साडेसातला एकुलती एक गाडी घेऊन गेला की संध्याकाळपर्यंत मी आणि हीटरची घरघर. (ज्या मैत्रिणी त्या काळात एच-फोरवर आल्या होत्या त्यांना पुढचं सांगायला नकोच.) दूध संपलं तरी शनिवारची वाट बघायची. पुण्यात मी दहावीपासून सायकलवर आणि पीएमटीच्या बसमध्ये लटकून वाढलेली मुलगी. इथे येऊन दोन महिन्यांत मी "आज जरा लवकर येशील का रे?" असं विचारणारी बाई झाले. आणि विचारताना आवाज किती गोड काढायचा, हेही शिकले. त्याचा मला अजून राग येतो. नवऱ्याचा नव्हे, त्या आवाजाचा.

मग एक दिवस खिडकीतून चार नंबरची बस दिसली. रोजच जात असणार, मला त्या दिवशी दिसली. इप्सिलांटीहून वॉशटेनॉ अ‍ॅव्हेन्यूवरून थेट अ‍ॅन आर्बरच्या गावात जाणारी. दुसऱ्या दिवशी सुटे पैसे मोजून घेऊन थांब्यावर उभी राहिले. ड्रायव्हरच कंडक्टर. पैसे डब्यात टाकायचे, मोड परत मिळत नाही. दार उघडताना अख्खी बस माझ्या बाजूला जराशी वाकली, म्हाताऱ्यांना चढायला सोपं जावं म्हणून. मला वाटलं बिघडली! गावात उतरले तर समोरच रस्त्यापलीकडे मोठी लायब्ररी. त्या वर्षी मी त्या लायब्ररीत किती दिवस काढले याची गणती नाही. अमेरिका मला आधी चार नंबरच्या खिडकीतून समजली, मग बाकीच्या गोष्टींतून.

२००४ मध्ये लायसन्स मिळालं. पुढे जुनी होंडा आली. आणि मी बस विसरले. अगदी साफ. नोकरी, मुलगा, ग्रीन कार्ड, धावपळ. बस म्हणजे माझ्या पुढे चालणारी आणि दर दोन चौकांना थांबून मला अडवणारी वस्तू झाली.

२०१३ च्या वसंतात आम्ही अ‍ॅन आर्बरमध्ये घर घेतलं आणि उन्हाळ्यात सासूबाई पहिल्यांदाच राहायला आल्या. त्यांना मी आईच म्हणते. आई वाईच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका होत्या. त्यातली बरीच वर्षं धोमपलीकडच्या गावांत, म्हणजे रोज एसटी. सकाळची गाडी, डबा, छत्री, पर्समध्ये सुट्ट्या पैशांची पुरचुंडी. एकटीने जायचं, एकटीने यायचं. एसटीचं वेळापत्रक त्यांना तेव्हाचं अजूनही पाठ आहे. त्या गाड्या आता धावत नाहीत, तरीही.

अशा बाईला आम्ही आमच्या घरात आणून बसवलं. चार खोल्या, मोठं अंगण, पुढे गवत, मागे गवत. पहिले आठ दिवस त्या खूष होत्या. मग एके दिवशी मी कामावरून आले तर त्या तयार होऊन, पर्स मांडीवर घेऊन सोफ्यावर बसलेल्या. मी विचारलं, कुठे निघालात? तर म्हणाल्या, "कुठे नाही गं. तू येशील, मग दुकानात जाशील, तर तयार असावं. तुझा खोळंबा नको."

मला दहा वर्षांपूर्वीची मी दिसले. फक्त मी चिडत तरी होते. त्यांनी चिडणंही बाजूला ठेवलं होतं.

त्या शनिवारी मी त्यांना थांबा दाखवला. घरापासून चालत सात मिनिटं. वेळापत्रकाची घडीची पुस्तिका आणली. एसटीवाल्या बाईला वेळापत्रक काय शिकवायचं? दोन दिवसांत त्यांनी मलाच समजावून सांगितलं की अमुक बस चुकली तर तमुक पकडून कुठे उतरायचं. जुना घडीचा फोन पर्समध्ये, दाण्याची चिक्की रुमालात, आणि आई निघाल्या. कधी लायब्ररीत मासिकं चाळायला, कधी शेतकऱ्यांच्या बाजारात. भोपळी मिरची काय भावाने, हे मला संध्याकाळी त्यांच्याकडून कळायला लागलं. इंग्रजी तोडकंमोडकं, पण ओळखी माझ्यापेक्षा जास्त. :-)

ऑगस्टातल्या एका रविवारी त्या लायब्ररी बंद होईपर्यंत बसल्या आणि बाहेर आल्या तर बस नाही. चूक त्यांचीच होती. पुस्तिकेतलं सोमवार ते शुक्रवारचं पान त्यांनी पाहिलं होतं. रविवारी तेव्हा गाड्या संध्याकाळी लवकरच संपायच्या. त्यांचा फोन आला, आवाज अगदी शांत. "घाई करू नकोस, सोबत आहे मला."

मी पोचले तर बाकावर आई आणि त्यांच्या शेजारी एक पन्नाशीची काळी बाई, अंगात निळा गणवेश, पायांत नर्सेस घालतात तसे पांढरे बूट. दोघी चिक्की खात होत्या. ती बाई जवळच्या एका वृद्धाश्रमात काम करायची. राहायला इप्सिलांटी. रविवारी तिची पाळी सुटायच्या आधीच शेवटची बस निघून जायची, म्हणून चुलतभाऊ न्यायला यायचा. त्या दिवशी तो फोन उचलत नव्हता. आईंनी मला विचारलंही नाही. मागचं दार उघडून तिला म्हणाल्या, "कम, कम."

पंचवीस मिनिटांचा रस्ता. ती जे बोलली ते सगळं मला आठवतं, कारण तक्रारीचा सूर कुठेच नव्हता. भावाला ती दर रविवारी पेट्रोलचे दहा डॉलर द्यायची. कामावर तिला संध्याकाळच्या पाळीची मुख्य करायला निघाले होते, तासाला पैसे जास्त, तिने नको म्हणून सांगितलं. आठवड्यातले सगळेच दिवस कोण न्यायला येणार? तिला सोडलं ती गल्ली आमच्या जुन्या अपार्टमेंटपासून फार लांब नव्हती.

परत येताना आई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "यांच्यात मुक्कामाची गाडी नसते का गं?"

आता मुक्कामाची गाडी म्हणजे काय, हे इथे वाढलेल्या भाचरांसाठी सांगते. रात्री तालुक्याहून शेवटची एसटी खेड्यात यायची आणि तिथेच थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात पथारी पसरायचे. पहाटे तीच गाडी दुधाच्या किटल्या आणि कॉलेजची पोरं घेऊन तालुक्याला निघायची. रात्री येताना गाडीत सात-आठ माणसं असायची. आई म्हणायच्या, एकदा कुणीतरी साहेबाने हिशेब काढला की रात्रीची फेरी तोट्यात आहे, बंद करा. ती काही दिवस बंद झाली आणि सकाळची गाडीही रिकामी पडायला लागली. का? तर संध्याकाळी परत येता येणार नसेल तर सकाळी जाणार कोण? पोरींना तर घरचे पाठवतच ना. दोन मुलींचं कॉलेज तेवढ्यात सुटलं. गाडी पुन्हा सुरू झाली, त्या मुली काही परत गेल्या नाहीत.

आई सप्टेंबरात परत गेल्या. मग आला तो हिवाळा. २०१४ चा जानेवारी इथल्या मंडळींना आठवत असेलच, ध्रुवावरची थंडी खाली उतरली होती आणि डेट्रॉइट भागात बर्फाचा विक्रम झाला त्या मोसमात. आणि फेब्रुवारीअखेर शहराकडून पत्र. घराचं करपात्र मूल्य बदललं.

हे जरा समजून घ्या, गंमत आहे. मिशिगनमध्ये करपात्र मूल्य म्हणजे ढोबळमानाने बाजारभावाच्या निम्मं. पण १९९४ च्या एका घटनादुरुस्तीनुसार ते दरवर्षी महागाईइतकं किंवा पाच टक्के, जे कमी असेल तेवढंच वाढू शकतं. घर विकलं गेलं की मात्र बंधन सुटतं आणि पुढच्या वर्षी ते एकदम खऱ्या भावाच्या निम्म्यावर येऊन बसतं. म्हणजे आमच्या शेजारचे आजी-आजोबा सत्तरच्या दशकापासून राहतात. घर आमच्याएवढंच, पण त्यांचं मूल्य आमच्या निम्मं. आमचं झालं एक लाख चाळीस हजार. घर घेताना दलालाने सांगितलं होतं म्हणे. म्हणे! आम्ही तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्याकडे बघत होतो.

तर घरपट्टी अशी उडी मारून बसलेली, आणि त्याच महिन्यात कळलं की ६ मे रोजी बससाठी नव्या कराचं मतदान आहे. ०.७ मिल, पाच वर्षांसाठी. मिल म्हणजे कापडाची गिरणी नव्हे. करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरला एक डॉलर म्हणजे एक मिल. आमच्यासाठी १४० गुणिले ०.७, वर्षाला ९८ डॉलर. पैशांत काय मिळणार? संध्याकाळी उशिरापर्यंत गाड्या, शनिवार-रविवारी जास्त वेळ, इप्सिलांटीत नवे मार्ग, अपंग आणि वृद्धांना घरापासून नेण्याची सोय वाढवणं. अ‍ॅन आर्बर शहर, इप्सिलांटी शहर आणि इप्सिलांटी टाउनशिप, तिन्ही मिळून एकच मतदान.

नवरा म्हणाला, "अजिबात नाही."

खरं सांगायचं तर माझंही पहिलं उत्तर तेच होतं. पत्र हातात होतं, पोटात गोळा होता. आपण बसने जात नाही. रस्त्याने जाते ती बस अर्धी रिकामी दिसते. आणि आपल्याला मतही नाही! आम्ही तेव्हा ग्रीन कार्डवाले. कर आम्ही भरायचा आणि भरायचा की नाही ते बाकीच्यांनी ठरवायचं. नवरा हे इतक्या तावातावाने बोलला की मुलाने वहीतून डोकं वर काढून विचारलं, "मग बोस्टनसारखा चहा ओतायचा का?" शाळेत तेव्हा तेच चालू होतं.

रात्री भांडी लावताना माझ्या मनात उगीच एक हिशेब आला. दहा डॉलर गुणिले बावन्न रविवार. पाचशेवीस. बस संध्याकाळी लवकर संपते म्हणून ती बाई वर्षाला पाचशेवीस डॉलर भरत होती. तिच्या त्या कराला नाव नव्हतं, त्याचा कागद येत नव्हता, त्यावर मतदान होणार नव्हतं. शिवाय न घेतलेली बढती वेगळीच. आणि माझे ९८.

मी नवऱ्याला हे सांगितलं. तो मुळात चांगला माणूस आहे, गप्प बसला. मग म्हणाला, "तिला आपण महिन्याला दहा डॉलर देऊ हवं तर." यावर मात्र मी भडकले. तिला माझे दहा डॉलर नको होते. तिला बस हवी होती. भावाचा फोन लागतो का बघत बाकावर बसायचं नव्हतं तिला. आणि माझ्या सासूलाही माझी वाट बघत पर्स मांडीवर घेऊन बसायचं नव्हतं, आणि मलाही २००३ साली गोड आवाज काढायचा नव्हता. मी बरंच काही बोलले. त्यातलं काही त्याला उद्देशून नव्हतं, पण समोर तोच होता.

मत नव्हतं तरी बोलायला बंदी नव्हती. मी आमच्या अंगणात "हो म्हणा" सांगणारी पाटी रोवली. नवऱ्याने ती एकदा गवत कापताना काढून गॅरेजमध्ये ठेवली आणि परत लावायला विसरला. मी लावली. असं दोनदा झालं.

पाटी पाहून शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक, बर्फात आमचाही रस्ता साफ करून देणारे. ते विरोधात होते, आणि त्यांचं म्हणणं मला आजही पूर्ण खोडून काढता येत नाही. १९७३ सालापासून अ‍ॅन आर्बरकर बससाठी कायमचा कर भरत आलेत, जवळजवळ दोन मिल. टाउनशिपमध्ये असा वेगळा कर नव्हताच. मग आम्ही जुनाही भरायचा, नवाही भरायचा, आणि नवे मार्ग तिकडे? शिवाय मतदान मे महिन्यात ठेवलेलं, जेव्हा फारसं कुणी मतदानाला जात नाही. हे बरोबर नाही, असं ते म्हणाले. मेच्या बाबतीत मला ते पटलं. नोव्हेंबरात ठेवायला हवं होतं.

बाकीच्यावर मी एवढंच म्हणाले की तुम्हाला उद्या वृद्धाश्रमात जायची वेळ आली (देव न करो), तर तिथे तुमची चादर बदलणारी बाई इप्सिलांटीहून येणार आहे. इथली भाडी तिला परवडत नाहीत. तिची बस तिच्या गावातून निघते म्हणून ती तिची, पण पोचते ती तुमच्यापाशी. आजोबा हसले. "आणि रात्री नऊच्या रिकाम्या बसचं काय?" मग मी त्यांना मुक्कामाच्या गाडीची गोष्ट सांगितली. इंग्रजीत सांगायला फार कठीण गेलं. देवळात झोपणारा कंडक्टर काही केल्या त्यांच्या डोळ्यांसमोर येईना. पण सकाळची बस रात्रीच्या बसवर उभी असते, हे शिक्षक असल्यामुळे त्यांना लगेच कळलं. मत त्यांनी काय दिलं ते मी विचारलं नाही.

६ मेला मंजूर झालं. शंभरातल्या सुमारे एकाहत्तरांनी हो म्हटलं. नवरा म्हणाला, "घे, जिंकलीस." ९८ डॉलर गेल्याचा त्याचा चेहरा आणि बायको खूष झाल्याचा त्याचा चेहरा एकाच वेळी दिसत होता. ऑगस्टअखेर रात्रीच्या आणि शनिवार-रविवारच्या वाढीव गाड्या सुरू झाल्या. २०१५ ला आई परत आल्या तेव्हा त्यांनी पहिल्या रविवारी मुद्दाम लायब्ररी बंद होईपर्यंत बसून बसनेच घरी येऊन दाखवलं. त्या बाईची मात्र त्यांची पुन्हा गाठ पडली नाही. बाकावर बसून वाट पाहिली म्हणे दोन-तीनदा. आमच्याकडे नंबर नव्हता. नावही आईंनी विचारलं होतं, पण ते त्यांना नीट धरता आलं नव्हतं. तिने संध्याकाळची पाळी घेतली का, हे मला कळलेलं नाही.

पुढे सगळं असंच गोड झालं असं नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये डेट्रॉइटसह चार काउंट्यांना जोडणारी मोठी योजना होती, अ‍ॅन आर्बर ते डेट्रॉइट रेल्वेसकट, १.२ मिल, वीस वर्षं. ती थोडक्यात पडली. आमच्या काउंटीने हो म्हटलं होतं, पण मोजणी चौघांची एकत्र. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

२०१७ ला आम्ही नागरिक झालो. ऑगस्ट २०१८ ला तोच ०.७ मिलचा कर पुढे चालू ठेवायचा का, हे मतदान आलं. लोक पहिलं मत राष्ट्राध्यक्षाला देतात, मी पहिल्याच वर्षात बसला दिलं. मुलाच्या शाळेच्या जिममध्ये, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, काळ्या पेनने तो रकाना भरला. रेषेबाहेर जाऊ नये म्हणून श्वास रोखून. तो ठराव अगदी सहज पास झाला.

खरी कसोटी २०२२ ला. या वेळी ०.७ च्या जागी २.३८ मिल. तिपटीहून जास्त. आमचा हिशेब सुमारे ११२ वरून ३८० डॉलरवर. आणि वर्ष कुठलं? करोनाने बस रिकाम्या केलेल्या, निम्मं गाव घरून काम करणारं. नवऱ्याने काही न बोलता कॅल्क्युलेटर माझ्यापुढे सरकवला. मी या वेळी पाटी लावली नाही. खरंच ठरत नव्हतं. तत्त्व ९८ डॉलरला परवडतं, ३८० ला ते जरा जड होतं, हे मी स्वतःपाशी कबूल केलं.

त्याच वर्षी तिकडे एसटीचा संप झाला होता, आठवतो ना? २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत. विलीनीकरणाची मागणी होती, आणि कर्मचाऱ्यांचे पगार पाहिले तर त्यांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पण आई सत्त्याहत्तर वर्षांच्या, वाईत एकट्या. दर रविवारी फोनवर सांगायच्या की अमकीचा मुलगा शाळेपर्यंत चालत जातो, तमकी वडापला दुप्पट पैसे देऊन दवाखान्यात गेली. त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान साताऱ्याला आजारी होते. आईंना जायचं होतं. पुतण्या म्हणाला, काकू, रविवारी सोडतो. रविवारी त्याला काम निघालं. पुढच्या रविवारी म्हणाला. आई तयार होऊन बसल्या.

"तयार होऊन बसले होते गं," एवढंच त्या म्हणाल्या.

भेट झाली ती बाराव्याला.

२ ऑगस्टला मी हो म्हटलं. नवऱ्याने काय केलं ते मी आडोशातून डोकावून पाहिलं नाही, पण गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "३८० फार आहेत." आणि जरा वेळाने, "आईला सांग." शंभरातल्या एकसष्टांच्या आसपास लोकांनी हो म्हटलं होतं. २०२४ पासून तो दर लागू झाला. फेऱ्या वाढल्या, रात्री उशिरापर्यंत गाड्या आल्या. शेजारचे आजोबा ते पाहायला राहिले नाहीत. आजींना मात्र आता घरापासून नेणारी छोटी बस येते. ती वाकते तेव्हा आजी ड्रायव्हरला "थँक यू, डिअर" म्हणतात, तो ऐकायला खाली उतरतो.

तर परवाचा कागद. नवऱ्याने बसची ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि कागद फ्रिजवर लावला. हा दर २०२८ पर्यंतचा आहे, म्हणजे त्याआधी पुन्हा विचारतील. गॅरेजमध्ये २०१४ ची ती पाटी अजून आहे, गवताच्या यंत्रामागे. त्यानेच ठेवली आहे.

रात्री आईंना फोन केला. ऐंशी ओलांडली, आता विमान जमत नाही. कागद आल्याचं सांगितलं तर हसल्या. म्हणाल्या, "मग रविवारची शेवटची गाडी आता किती वाजता असते?"

मी म्हटलं, बघून सांगते.